दारू सोडणाऱ्यांची सभा : जायचे कसे आणि तिथे होते काय?

लोहा तालुक्यातून एका भगिनीचे पत्र आले आहे. काही ओळी गाळून ते असे : 'आमचे मालक चांगल्या नोकरीत आहेत. दारू चार वेळा सोडली. एकदा तुळजापूरला आईपुढे शपथ घेतली, ती पाच महिने टिकली. आता नांदेडच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सांगितले की ए.ए.च्या मीटिंगला जा. हे म्हणतात, चार माणसांत बसून मी दारुडा आहे म्हणून सांगू का? शिवाय ती मीटिंग भरते कुठे, पैसे किती घेतात, धर्माचे काही असते का, हे कुणालाच नीट सांगता येईना. आपण सांगावे.' खाली सही नाही, पत्ता नाही.

पत्ता नसल्यामुळे उत्तर या सदरातूनच देतो. तसेही हा प्रश्न एकट्या या भगिनीचा नाही. माझा दवाखाना नांदेड-लातूर रस्त्यावर अहमदपूरला आहे आणि हाच प्रश्न मला दोन्ही बाजूंच्या माणसांनी विचारलेला आहे, बहुतेक वेळा इतर रुग्ण निघून गेल्यावर आणि दार लोटून घेऊन.

मीटिंगकडे वळण्याआधी एक सूचना करतो, कारण ती जिवाशी निगडित आहे. जो माणूस रोज पितो, सकाळी उठल्यावर हात थरथरतात म्हणून घोट घेतो, त्याने शपथेवर एका दिवसात दारू बंद करू नये. हे वाचून पुष्कळांना नवल वाटेल. दारू मेंदूला सुस्त करते. वर्षानुवर्षे ती पोटात जात राहिली की मेंदू त्या सुस्तीला तोंड देण्यासाठी स्वतःला जास्त चेतवून ठेवतो. दारू एकाएकी थांबली की चेतवलेला मेंदू मोकाट सुटतो. पहिल्या दिवशी कापरे, घाम, उलटी, झोप नाही. पहिल्या दोन दिवसांत मिरगीसारखे झटके येऊ शकतात. साधारण तिसऱ्या-चौथ्या दिवशी काहींना भ्रम होतो; अंगावर किडे चालताना दिसतात, मेलेली माणसे दारात उभी दिसतात. याला डॉक्टर 'डिलिरियम ट्रेमेन्स' म्हणतात आणि वेळेवर उपचार न मिळाल्यास यात माणूस दगावतो.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. पुष्कळ वर्षांपूर्वी आडत दुकानावरचा एक हमाल मला आनंदाने सांगायला आला, 'सायब, कालपासून सोडली.' मी त्याची पाठ थोपटली आणि घरी पाठवले. नाडी पाहिली नाही, हात पुढे करायला सांगितले नाही. तिसऱ्या रात्री त्याचा भाऊ धावत आला. घरच्यांनी 'बाहेरचे' समजून लिंबू उतरवण्यात दोन तास घालवले होते. माणूस वाचला, पण ती पाठ थोपटणे ही माझी चूक होती आणि ती मी विसरलेलो नाही.

तेव्हा पहिली पायरी डॉक्टरांची. नांदेडला विष्णुपुरीचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आणि लातूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय, दोन्हीकडे मानसोपचार विभाग आहे. आठवडाभराच्या औषधांनी ही अवघड वेळ सुखरूप काढता येते. सोबत थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, द्यावे लागते. आपल्याकडे अशक्तपणा दिसला की ग्लुकोजची बाटली लावून घ्यायची घाई असते. दारू पिणाऱ्याला थायमिन न देता ग्लुकोज चढवले तर मेंदूला इजा होऊ शकते. 'हे रोज पितात' एवढे तरी नातेवाइकांनी डॉक्टरांपासून लपवू नये.

आता दुसरी पायरी. आठ दिवसांत अंगातली दारू निघते. माणूस जेवायला लागतो, चेहऱ्यावर तेज येते, घरचे म्हणतात सुटली. पण तो परत जातो कुठे? त्याच चौकात, त्याच मित्रांत, पोळ्याच्या संध्याकाळी, लग्नाच्या वरातीत, माळेगावच्या जत्रेत. तिथे त्याला ओळखणारा प्रत्येक जण 'एकाने काय होतंय' म्हणणारा असतो. दारू सोडलेल्या माणसाला पिणारे शंभर सोबती असतात, न पिणारा एकही नसतो. घरचे न पिणारे असतात, पण त्यांना ती तलफ काय असते हे कळत नाही आणि त्यांचा त्याच्यावर विश्वासही उरलेला नसतो. मीटिंग ही या रिकाम्या जागेसाठी आहे.

ए.ए. म्हणजे 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस', निनावी मद्यपींचा मेळावा म्हणा. याची सुरुवात कोणा डॉक्टरने रुग्णांसाठी केली नाही, पिणाऱ्यांनी पिणाऱ्यांसाठी केली. मे १९३५ मध्ये बिल विल्सन नावाचा न्यूयॉर्कचा शेअर बाजारातला माणूस कामासाठी अमेरिकेतल्याच अ‍ॅक्रन या गावी गेला होता. त्याने काही महिन्यांपूर्वी दारू सोडली होती. काम फिसकटले, हॉटेलात एकटा होता आणि समोर दारूचा गुत्ता दिसत होता. त्याला एवढेच सुचले की आपल्यासारखाच एखादा पिणारा गाठून त्याच्याशी बोलावे. चार ठिकाणी फोन करून त्याची गाठ डॉ. बॉब स्मिथ या शल्यचिकित्सकाशी पडली. डॉक्टर 'पंधरा मिनिटे देतो' म्हणून आले आणि सहा तास बसले. आजवर त्यांना उपदेश पुष्कळांनी केला होता. स्वतःची फजिती सांगणारा पहिलाच भेटला होता. डॉ. बॉब यांनी शेवटचा घोट १० जून १९३५ रोजी घेतला आणि तोच दिवस ए.ए.चा स्थापना दिन मानतात. भारतात हे काम १९५७ साली सुरू झाले.

महाराष्ट्रात व्यसनमुक्तीचे नाव घेतले की पुण्याचे मुक्तांगण आठवते. डॉ. अनिता अवचट आणि डॉ. अनिल अवचट यांनी ते १९८६ साली सुरू केले; पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांची त्याला मदत होती. ते उपचारांचे केंद्र आहे, म्हणजे तिथे राहून औषधोपचार आणि समुपदेशन होते. ए.ए.चे तसे नाही. ए.ए.कडे खाट नाही, डॉक्टर नाही, औषध नाही, कार्यालयात बसलेला साहेब नाही. फक्त सभा असते. हा फरक लक्षात न घेता पुष्कळ लोक 'मीटिंगमध्ये भरती करा' म्हणतात.

सभेला मी स्वतः पाहुणा म्हणून गेलेलो आहे. सभा दोन प्रकारच्या असतात. बंद सभा फक्त पिण्याचा त्रास असलेल्यांसाठी असते. खुल्या सभेला घरचे लोक, डॉक्टर, कोणीही बसू शकते. मी गेलो ती खुली होती, जिल्ह्याच्या गावी, संध्याकाळी, एका शाळेच्या वर्गात. बाके लहान मुलांची, त्यामुळे गुडघे छातीशी आलेले. फळ्यावर दिवसाचे पाढे तसेच होते. पंधरा-वीस माणसे असावीत. कोणी नाव-गाव-जात विचारले नाही, वहीत सही घेतली नाही. एकाने सभा चालवली. तो अध्यक्ष वगैरे नव्हे, पुढच्या वेळी दुसरा चालवणार. सुरुवातीला शांतता, मग थोडे वाचन. मग एकेक जण उठून पहिले नाव सांगतो, 'मी मद्यपी आहे' म्हणतो आणि आपले सांगतो. बाकीचे ऐकतात. मधे तोंड घालायचे नाही, सल्ला द्यायचा नाही. ज्याला बोलायचे नाही तो 'आज मी ऐकतो' म्हणून खाली बसतो आणि त्याला कोणी आग्रह करत नाही. आमच्या भगिनीच्या मालकांनी हे वाक्य दोनदा वाचावे.

तिथे मी काय ऐकले ते लिहिणार नाही. सभेत ऐकलेले सभेतच ठेवायचे हा तिथला पहिला शिष्टाचार आहे. एवढे सांगतो की रडारड असेल अशी माझी समजूत होती आणि प्रत्यक्षात ती माणसे पुष्कळ हसली. स्वतःवर हसली. तास-सव्वा तासाने चहा झाला. मी गळ्यातला स्टेथोस्कोप पिशवीत ठेवला होता. तो बाहेर काढायची गरज कोणालाच वाटली नाही.

पैशाचे विचारले आहे. फी नाही, वर्गणी नाही. शेवटी एक थैली किंवा डबा फिरतो. ज्याला जमेल त्याने दहा-वीस रुपये टाकावेत, नसतील तर पुढे सरकवावा. त्यातून जागेचे भाडे आणि चहा निघतो. बाहेरच्या कोणाची देणगी ते घेत नाहीत, पुढाऱ्याची नाही आणि सरकारचीही नाही. सभासद होण्याची एकच अट : दारू सोडण्याची इच्छा. सुटलेली असली पाहिजे असे नाही, इच्छा असली पुरे. पिऊन आला तरी मागे शांत बसू देतात, बोलायला मात्र दुसऱ्या दिवशी या म्हणतात.

बारा पायऱ्या म्हणून त्यांची एक शिकवण आहे. पहिली पायरी अशी की दारूपुढे आपले काही चालत नाही हे कबूल करायचे. आपल्या पुरुषमंडळींना हेच जड जाते, कारण 'मनात आणले तर उद्या सोडीन' हा प्रत्येकाचा पाठ असतो. पुढच्या पायऱ्यांत आपण कोणाकोणाचे नुकसान केले त्याची यादी करणे, जमेल तिथे भरपाई करणे हे येते. आणि जन्मभराची शपथ घेत नाहीत. फक्त आजचा दिवस, चोवीस तास. आपल्याकडच्या शपथा पाहिल्या तर त्या सगळ्या मरेपर्यंतच्या असतात आणि एका पेल्याने मोडतात. मोडली की माणूस म्हणतो, आता मोडलीच आहे तर पिऊन घेऊ. चोवीस तासांच्या बोलीत मोडले तरी उद्याची सकाळ शिल्लक असते.

धर्माचे म्हणाल, तर बारा पायऱ्यांत ईश्वराचा उल्लेख येतो, पण 'ज्याला जसा कळेल तसा'. कोणत्याही धर्माची ही संस्था नाही. हिंदू, मुसलमान, शीख, बौद्ध, देव न मानणारा, सगळे एका बाकावर बसू शकतात. काही ठिकाणी सभा चर्चच्या आवारात भरते म्हणून लोकांचा गैरसमज होतो. जागा स्वस्तात मिळते एवढेच त्याचे कारण. माझ्या ओळखीच्या एका वारकऱ्याने मला त्याच्या शब्दांत समजावले : 'माळ घातली की माळकऱ्यांत बसावं लागतं, नाहीतर माळ खुंटीला जाते. हे तसंच.' ज्यांची माळेने सुटली त्यांची सुटली, त्यांना मी मीटिंगला ढकलत नाही. दारूबंदीच्या चळवळीशीही ए.ए.चा संबंध नाही. गावातली बाटली आडवी करायच्या मतदानाला ते ना बाजूने उतरतील ना विरोधात. त्यावर कोणी रागावू नये, ते काम वेगळे आहे.

याचा गुण किती येतो? २०२० साली कॉक्रेन या संस्थेने सत्तावीस अभ्यास, दहा हजारांवर रुग्ण, एकत्र तपासले. ए.ए. आणि त्याच पद्धतीचे उपचार घेणाऱ्या शंभरांपैकी सुमारे ४२ जण वर्षानंतर पूर्ण कोरडे होते. इतर मानसोपचार पद्धतींत ३५. हे अभ्यास परदेशातले आहेत. म्हणजे मीटिंग इतर उपायांपेक्षा कमी नाही, थोडी सरसच आहे, पण निम्म्याहून अधिकांना वर्षभरात पुन्हा घोट लागतोच. ते परत आले तर त्यांना कोणी हाकलत नाही. एक सावधगिरी : एखादा जुना सभासद उत्साहाने 'गोळ्याही सोड' म्हणाला तर ऐकू नये. ए.ए.चे स्वतःचेच सांगणे आहे की सभासदाने डॉक्टर होऊ नये. उदासीनतेच्या किंवा झटक्यांच्या गोळ्या डॉक्टरांना विचारूनच कमी करायच्या.

आता मुख्य अडचण : लोक काय म्हणतील? पुण्या-मुंबईत माणूस गर्दीत हरवतो. आपल्या गावात मात्र शाळेच्या फाटकातून आत गेलेला माणूस रात्री आठपर्यंत बाजारपेठेत पोचलेला असतो. गंमत अशी की हाच माणूस वर्षानुवर्षे देशी दारूच्या दुकानाबाहेर उभा असताना त्याला कोणाची लाज वाटलेली नसते, गटारीकाठी झोपलेला सगळ्या गावाने पाहिलेला असतो. पण हा युक्तिवाद मी रुग्णाला ऐकवत नाही, कारण लाज खरी असते. मी दुसरा मार्ग सांगतो. लातूरकडच्याने सुरुवातीला नांदेडला जावे, नांदेडकडच्याने लातूरला. एसटीने साधारण तीन तास, मधे चाकूर, अहमदपूर, लोहा. माझ्याकडच्या एका रुग्णाने चार महिने असे केले. घरी बायकोला ठाऊक, बाहेर 'कोर्टाचे काम' सांगायचा. पाचव्या महिन्यात प्रवासाला कंटाळला आणि जवळच्या सभेला जाऊ लागला. तिथे त्याच्या शेजारच्या गल्लीतले दोघे आधीच बसलेले होते! ते आपले गुपित बाहेर नेतील ही त्याची भीती. त्यांनाही त्याच्याबद्दल तीच.

लांबच्या सभेला खर्च आहे, रजा आहे, हे मला समजते. सुरुवातीच्या काळात रोज एक मीटिंग करावी असे जुने सभासद सांगतात. तालुक्याच्या माणसाला ते शक्य नाही. त्याने आठवड्याला एक धरावी आणि मधल्या दिवसांसाठी दोन-तीन सभासदांचे फोन नंबर मागून घ्यावेत. मागितले की मिळतात. तलफ आली की गुत्त्याकडे वळण्याआधी फोन करायचा, रात्री अकराला केला तरी ते उचलतात, कारण त्या फोनने त्यांचीही दारू लांब राहते. २०२०च्या टाळेबंदीपासून अनेक गट मोबाईलवरही सभा घेऊ लागले. ज्याला घरात एकांत नाही तो शेतात जाऊन कानाला लावून बसू शकतो. पण चहाच्या कपासह समोर बसलेल्या माणसाची सर त्याला येत नाही, असे माझे मत.

सभेचा पत्ता या सदरात मी मुद्दाम छापत नाही. जागा बदलतात, शाळेत परीक्षा लागली, गणपती आले की सभा दुसरीकडे जाते आणि मोठ्या हिमतीने गेलेला माणूस कुलूप पाहून परत फिरला तर पुन्हा येत नाही. म्हणून आधी फोन करावा. केंद्र सरकारची व्यसनमुक्तीची मोफत मदतवाहिनी १४४४६ आहे, मानसिक आरोग्यासाठी 'टेलि-मानस' १४४१६ आहे. शासकीय रुग्णालयाच्या मानसोपचार विभागातले समाजसेवक जवळच्या गटांची माहिती ठेवतात. फोनवर वार, वेळ आणि इमारतीची खूण विचारावी, सभा खुली की बंद हे विचारावे आणि दारात भेटेल असा एक जण मागून घ्यावा. हा शेवटचा प्रश्न सर्वांत उपयोगी. एकट्याने पहिल्यांदा त्या दारातून आत जाणे फार कठीण असते. पुष्कळ जण समोरच्या टपरीवर चहा पिऊन परत जातात.

'न कळत दारू सोडवा' अशा पुड्यांच्या जाहिराती पाहून फसू नका. काही पुड्यांत काय असते ते देव जाणे. आणि डायसल्फिरामची गोळी भाजीत कालवून नवऱ्याला चारणे तर घातक आहे. ती पोटात असताना दारू गेली की छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो, प्राणही जाऊ शकतो. गोळी बंद केल्यावरही तिचा परिणाम दोन आठवडे राहू शकतो. ती रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीने, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायची असते.

आता आपल्याबद्दल, ताई. पत्रात आपण सगळे मालकांचेच लिहिले आहे. त्यांची बाटली लपवणे, साहेबाला फोन करून 'ताप आहे' सांगणे, उधारी फेडणे हे आपणच करत असणार. पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉन नावाची वेगळी सभा असते. बिल विल्सन यांच्या पत्नी लुईस यांनी ती १९५१ साली उभी केली. मुलांसाठी १९५७ पासून अलाटीन आहे. मुक्तांगणातही पत्नींसाठी 'सहचरी' नावाचा गट चालतो. जवळ अल-अ‍ॅनॉन नसेल तर ए.ए.च्या खुल्या सभेला आपण जाऊ शकता, मालक आले नाहीत तरी. अशी घरे मी पाहिली आहेत जिथे बायको दोन महिने एकटी जात राहिली आणि नंतर 'तू तिथं जाऊन माझं काय सांगतीस' या रागाने का होईना, नवरा मागून आला. प्रत्येक घरी असे होईलच असे नाही. न आला तरी खोटे सांगायचे आणि उधारी फेडायची कामे तिथे जाऊन सुटतात. मारहाण होत असेल तर मात्र मीटिंगची वाट पाहू नका, ११२ ला फोन करा आणि माहेरी किंवा शेजारी निघून जा.

बायकाही पितात आणि त्यांनाही हा आजार जडतो. त्यांच्यासाठी ही लाज दसपट असते. त्यांनी फोनवरच तसे सांगावे म्हणजे सभेला दुसरी स्त्री सभासद असेल का, हे आधी कळेल. आणि प्रवासाचे म्हणाल, तर २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट आहे.

संध्याकाळची सभा उशिरा सुटते आणि परतीची शेवटची गाडी कधीकधी त्याआधीच निघून जाते, हे विचारूनच निघावे. ज्यांना आणखी काही विचारायचे आहे त्यांनी दैनिकाच्या कार्यालयाच्या पत्त्यावर लिहावे. नाव घातले नाही तरी चालेल. गाव मात्र लिहा, म्हणजे कोणत्या गाडीने जायचे तेही सांगता येईल.